पत्ता : स्टँडवर उतरून कोणालाही विचारणे

...आणि वरून म्हणतात, त्यात काय आहे, पत्ते तर लिहायचे आहेत. अहो, लिहून पाहा एकदा. तुम्हाला सांगतो, फुलसावंगीच्या रामराव गावंड्यांनी बारा एकरांतलं सोयाबीन एका हातानं काढलं, दुसऱ्या हातात चहाचा कप होता आणि तो सांडला नाही. पण चाळीस पाहुण्यांचे पत्ते काढताना त्या माणसाचं वजन चार किलोनं उतरलं. काटा कापसाचा होता, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही.

कार्डं सुचली कुणाला? अर्पिताला. रामरावांची धाकटी, पतसंस्थेत कामाला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी तपासून घ्यायची खोड. तिचं लग्न वैशाखात. ती म्हणाली, "बाबा, संक्रांतीचे कार्ड पाठवू सगळ्यायले, आत चिमूटभर तिळगूळ. पोचलं तर पत्ता बरोबर, परत आलं तर चूक. मंग पत्रिकेच्या टायमाले घोळ नाही."

"व्हॉट्सॅपवर टाकून दे ना," रामराव म्हणाले.

"दादाच्या पत्रिकेवर नीट लिहिलं असतं, तर मोठीआई आली असती."

इथं रामरावांनी फोन खिशात घातला. का घातला, ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मोठीआई म्हणजे रामरावांची थोरली वहिनी. माहेर नेरचं, म्हणून उंबरठा ओलांडला त्या दिवसापासून ती 'नेरवाली'. आपल्याकडे रीतच आहे, बाई घरात येते आणि तिच्या मागोमाग तिचं गाव येतं. तीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक झाला. इंदूबाई, म्हणजे रामरावांची बायको, दिवसभर वावरात असायची, त्यामुळे अर्पिता वाढली ती मोठीआईच्या कडेवर. थोरले भाऊ वारले आणि वहिनी मुलाकडे, रजतकडे, उमरखेडला गेली. चार वर्षांपूर्वी रामरावांच्या अमरचं लग्न निघालं, वहिनीला पत्रिका गेली, आणि तिच्यावर या माणसानं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात काय लिहावं? 'नेरवाली वहिनी, उमरखेड.' बस्स.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, नेरच्या बसमधून रोज पन्नास बाया उतरतेत. त्यातली कोनती बोलावली तुमी? मले नाव नाही काय?"

लग्नाला आली नाही. त्यानंतर या घराची पायरीही चढली नाही.

आता अर्पितानं सरळ सांगितलं, "मोठीआई आल्याबिगर मी हळदीच्या पाटावर बसत नाही." रामराव हसले. मग त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग वही काढली.

तर पत्ते. फोन उघडला. आत नऊशे चौदा नंबर, आणि एकाही माणसाला माणसाचं धड नाव नाही. 'सोनू ट्रॅक्टर.' 'सोनू ट्रॅक्टर नवा.' 'सोनू ट्रॅक्टर विकला.' एकच सोनू, बरं का. 'बोअरवाला खरा.' 'पाहुणे.' 'पाहुणे दोन.' 'उचलू नये.' हा 'उचलू नये' कोण म्हणून त्यांनी लावून पाहिला, तर इंदूबाईच्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला, त्यानं चाळीस मिनिटं सोडलं नाही, आणि शेवटी पत्ता विचारला तर काय म्हणतो?

"पत्ता कायले पाहिजे? स्टँडवर उतर, कोणालेही विचार."

सगळे हेच. रामधनला लावला. तांड्यावरचा जुना दोस्त, वीस वर्षांची जत्रा-बाजाराची सोबत. फोन त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं उचलला. "पत्ता? काहून भाऊ, कोनी गेलं काय?"

"कोणी नाही गेलं वं, संक्रांतीचं कार्ड पाठवून राह्यलो."

"बिमार हाये काय तुमी?" आणि तिनं फोन रामधनकडे दिला. रामधन म्हणाला, "भाऊ, तुमी तं शंभरदा आले. पत्ता कायले? स्टँडवर उतरा, कोणालेही विचारा."

आता पोस्टाची पिशवी स्टँडवर उतरून पानठेल्यावर विचारणार आहे का, मला सांगा? पण रामराव तरी किती भांडतील? तिसऱ्या दिवशी ते इतके वैतागले, की जो जे बोलला ते तसंच पाकिटावर उतरवलं. 'रामधन, मुक्काम तांडा, स्टँडवर उतरून कोणालाही विचारणे.' अशी अकरा पाकिटं झाली. अर्पिता ऑफिसातून यायच्या आत खाली दडपली, वर तीन-चार बरी पाकिटं ठेवली.

राहिलं एक. वहिनीचं. पाकीट समोर, पेन हातात, आणि तेव्हा लक्षात आलं की आपल्याला वहिनीचं नाव माहीत नाही. तीस वर्षं, हो! तिचा कोणता गुडघा कोणत्या महिन्यात दुखतो ते माहीत, चहात साखर किती ते माहीत, नाव नाही. ते इंदूबाईला म्हणाले, "तुह्या जावेचं नाव काय वं?"

"मी तं बाईच म्हणतो त्यायले."

"पण नाव?"

"तुमच्या घरची ते. मी मांगून आली. तुमी मले इचारता?"

मग रामराव नेरला फोन करतात. वहिनीचा भाऊ म्हणतो, "आमी अक्का म्हणतो." नाव? "यमी म्हणत होते लहानपणी, पण लग्नात बदललं तुमीच. तुमच्याच भावानं ठेवलं असन." घ्या! मग ग्रामपंचायतीत मतदारांची जुनी यादी पाहिली, तिथं त्या पानावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला, नेमका गावंड्यांवर. तुम्ही म्हणाल, रजतला का नाही विचारलं, पोरगा आहे तिचा. कसं विचारणार? तो आईला सांगणार, आणि वहिनीला कळणार की दिराला अजूनही नाव माहीत नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी अर्पिता आली, तिनं रजतला फोन लावला. "दादा, मोठीआईचं नाव काय?" आणि वहीत लिहिलं. बारा सेकंद.

कौतिका.

रामराव त्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिले, नवीन पाहुणा दारात आल्यासारखं.

मग मात्र त्यांनी ते पाकीट असं लिहिलं, असं लिहिलं, की जमिनीच्या खरेदीखतालाही कुणी इतकी काळजी घेत नाही. 'श्रीमती कौतिकाबाई गणपतराव गावंडे', घर नंबर, गल्ली, पाण्याच्या टाकीमागे, उमरखेड, पिनकोड दोनदा तपासून. आत तिळगूळ जरा जास्तच घातला. चाळीस कार्डं पेटीत पडली.

आणि तुम्हाला सांगतो, एकोणचाळीस पोचली. ती 'कोणालाही विचारणे'वाली अकराच्या अकरा पोचली. रामधनचं तर दुसऱ्याच दिवशी, कारण पोस्टमननं खरोखर स्टँडवर विचारलं आणि तिथं स्वतः रामधनच चहा पीत बसला होता. परत आलं ते एकच, पूर्ण नावाचं, पिनकोडवालं. वर शेरा : या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.

झालं असं, पोस्टमन बिचारा नवा. तो बरोबर गल्लीत गेला, घराला कुलूप, वहिनी दळण आणायला गेलेली. त्यानं शेजारी विचारलं, कौतिकाबाई कुठं राहतात? अख्खी गल्ली गोळा झाली. "कौतिकाबाई? नाही बा. इथं तं रजतची आई राहते." दुसरी म्हणाली, "त्या मागच्या गल्लीत पाहा, नवीन भाडेकरू आले." कुणालाच माहीत नाही. सात वर्षं राहतेय ती तिथं.

अर्पितानं पाकीट पाहिलं. तिनं सरळ उमरखेडला फोन केला, मोठीआईलाच, आणि सांगितलं, "मोठीआई, तुह्या नावाचं कार्ड आलतं. परत आलं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वहिनी दारात उभी. पिशवी नाही, काही नाही. "माहं कार्ड हाये म्हणते इथं."

रामराव पाकीट घेऊन धावले, तर म्हणते, "असं नाही, भाऊजी. पोरीनं नाव इचारलं म्हणून रजतनं सांगितलं, तवापासून आठ दिस मी दारात बसली. एका दिवशी दळणाले गेली, तं तो येऊन गेला. पोस्टमन कसं देते? फाटकाबाहेर जाऊन नाव वाचा."

ती आत जाऊन पलंगावर बसली. इंदूबाई मधे पडायला गेली, तर अर्पितानं तिचा हात धरला. रामराव फाटकाबाहेर गेले. चपलेचा एक अंगठा तुटलेला, त्यामुळे चाल अगदी पोस्टमनसारखीच झाली.

"वहिनी," ते म्हणाले.

"पाकिटावर वहिनी लिवलं काय?"

"कौतिकाबाई."

"आयकू नाही आलं."

"कौतिकाबाई गावंडे."

"सगळं वाचा."

मग रामरावांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांत थोरल्या भावजयीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, कान लाल झाले होते. आणि शेतात पलीकडच्या बांधावर हाक मारतात तसं ओरडले, "श्रीमती कौतिकाबाई गणपतराव गावंडे, कार्ड आलं!" समोरच्या चार घरांची दारं उघडली. गिरणी थांबली म्हणतात, पण त्यावर मी सही करणार नाही.

आतून आवाज आला, "हाये, हाये. थांबा, येतो."

वहिनीनं पाकीट घेतलं, तिथंच फोडलं. तिळगुळाचा चुरा झाला होता, तो तळहातावर घेऊन खाल्ला, हात पदराला पुसला आणि अर्पिताला विचारलं, "हळद कोनत्या वारी हाये वं?"

शुक्रवारी होती. झाली. चांगली झाली, पाटावरून पोरगी तासभर उठली नाही.

रामरावांचं मात्र तेव्हापासून जे व्हायचं ते झालं. समोरच्या चार घरांनी पाहिलं, त्यांनी चौदा घरांना सांगितलं. परवा उमरखेडहून एक पत्रिका आली, वर नाव : 'पोस्टमन काका व परिवार, फुलसावंगी.' रामराव म्हणाले, परत पाठवा. कुठं पाठवता? बरोबर घरी आली होती.