गाळलेली ओळ

दुसऱ्यांच्या गप्पा ऐकायची सवय शिंपीणबाईंना नव्हती. पण बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात नुसतं बसणार तरी किती वेळ? काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ आपला रेकॉर्ड प्लेयर न्यायला आले होते आणि मेकॅनिक त्यांना दम भरत होता.

"नवी सुई बसवलीय, काका. आता ती चरा पडलेली रेकॉर्ड लावू नका, सुईची वाट लागेल."

"मग जुनीच बसवून द्या."

"अहो, ऐकता तरी काय एवढं?"

"रॉक. तरुणपणीच्या रेकॉर्डी पुन्हा ऐकतोय. ज्यांच्यासाठी मित्रांशी भांडलो, त्यातल्या निम्म्यांत नुसता आव. आणि आमच्या हिची आवडती, जिला मी रडकी म्हणून नावं ठेवायचो, तीच निघाली बावनकशी."

"मग काकूंना सांगा की, तुझंच खरं म्हणून."

"सांगायला हवं होतं."

"हं. चरा त्याच रेकॉर्डवर आहे का?"

"हो. तिसऱ्या गाण्यात सुई उडी मारते, अख्खी एक ओळ जाते. ही स्वयंपाकघरात गुणगुणतानासुद्धा ती ओळ गाळायची. मग मलाही तीच सवय लागली."

"तीच रेकॉर्ड नवी मिळते की आता."

"आणली ना. प्लेयर इथे आणायच्या आदल्या दिवशी लावली आणि गाण्याबरोबर गुणगुणत बसलो. ती जागा आली, तशी मी सवयीनं ओळ गाळून पुढे गेलो."

"मग?"

"गाणं मागेच राहिलं. पुढे मी एकटाच."