ठिबकखालची माती

नको नको दादा, तिथे खोदू नका — म्हणजे दरवर्षी तुमच्या लॅबला मातीचा नमुना तिथलाच देते मी, पण आज नको. झाडांच्या ओळींच्या मधलं ते हिरवंगार गवत दिसतंय ना? माझीच अक्कल. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आले आणि आठ दिवसांत बाबांना मातीवर व्याख्यान! बाबा विचारतात, "सामू म्हणजे कोण गं?" मी म्हटलं, मातीच्या आंबटपणाचा आकडा, बाबा, सातच्या जवळ असला की उत्तम, खाली गेला की माती आंबट. काय ती ऐट! मधे गवत राखायचं, झाडाखाली तणनाशक मारून जमीन चकाचक, आणि अमोनियम सल्फेटचं खत ठिबकमधून थेट मुळाशी — बाबांचं खुरपं, शेणखत, चुलीतली राख, सगळं अडाणीपणाचं! कुंपणाजवळची एक ओळ तेवढी त्यांनी हट्टाने आपल्याकडे ठेवली. पानं पिवळी कुठे पडली म्हणता? माझ्याच ओळींत, आणखी कुठे! मी मात्र छाती काढून सांगायचे, रोग तुमच्या ओळीतून येतोय बाबा — हसा, हसा, लाजू नका — आणि वर अहवाल नाचवायचा, सामू सहा पूर्णांक आठ. छापील कागद बघितला की बाबा खुरपं उचलून आपल्या ओळीकडे. आता ठरलंय, यंदाही अहवाल चांगला आला तर कुंपणाची ओळसुद्धा माझ्या हाती. आणि माती कुठली द्यायचे मी? गवतातली! जिथे खताचा थेंब पडत नाही. का म्हणजे? तिथे मऊ असते, खुरपं पटकन जातं... छे, थापा मारतेय. गेल्या वर्षी ठिबकखालची माती घेतली होती की. तुमच्याच लॅबमध्ये गुपचूप तपासली. आकडा पाहिला आणि कागद चुलीत घातला — बघा, शेवटी राख मीही केलीच! घ्या, इथे ड्रिपरखाली खोदा. लावा तुमचं यंत्र. किती? — चार पूर्णांक सहा. हं. माझ्याच खताने आंबवलेली. आता कुंपणाजवळची. — साडेसहा. वीस वर्षांची राख आहे ती, दादा, तिनेच आंबटपणा मारलाय, आणि पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं हो हे, परीक्षेत लिहून आले होते मी, दहापैकी नऊ! — थांबा, बाबा येतायत. तुम्ही काही बोलू नका. मी सांगते. मातीच्या दोन्ही पिशव्या इथेच ठेवा, उघड्या. आणि निघा तुम्ही. निघा म्हटलं ना.