पोर्टात थेट हात

भाची : पण मामा, कोड आता किती सुंदर दिसतो!

मामा : आंधळ्याला सांगतेस? पडद्यावरचं वाचून दाखवणारी माझी बोलणारी पेटी का बोलत नाही, ते सांग. परवा नवा कर्नल, म्हणजे तुमच्या त्या सिस्टिमचा गाभा टाकला, तेव्हापासून मशीन सुरू केलं की नुसता पंखा घोंघावतो.

भाची : त्यात पेटीचा ड्रायव्हर, म्हणजे पेटी चालवणारा प्रोग्राम, मी बदललाय. आधी तो पेटीची वायर लागते त्या सीरियल पोर्टात थेट हात घालायचा.

मामा : वर्षानुवर्षं घालत होता. पोर्टाने तक्रार केली?

भाची : कोड तपासणाऱ्या मंडळींनी केली. म्हणाले, असं थेट घुसणं बरं दिसत नाही. आता ड्रायव्हर मजकूर मधल्या थराकडे देतो, थर तो पोर्टाकडे पोचवतो.

मामा : आणि हे थरमहाराज उठतात कधी?

भाची : मशीन बऱ्यापैकी सुरू झाल्यावर.

मामा : म्हणजे मशीन सुरू झालं, की मला कळणार, सुरू झालं म्हणून. आणि मध्येच अडलं तर?

भाची : पडद्यावर येतंच की.

मामा : येतं ना! काल शेजाऱ्यांना बोलावलं. म्हणाले, "बरंच काहीबाही लिहिलंय, पण काळजीचं काही दिसत नाही." आणि जाता जाता टेबलावरची माझी औषधांची चिठ्ठी मोठ्यानं वाचून गेले. ती वाचा असं मी म्हटलंही नव्हतं.

भाची : सरका, मी बघते पडद्यावर काय आहे ते.

मामा : अजिबात नाही. हे मशीन आजवर मीच दुरुस्त केलंय. तू तो जुना रस्ता परत घाल.

भाची : मामा, त्या बदलाबद्दल माझं सगळ्यांसमोर कौतुक झालंय!

मामा : कौतुक करणाऱ्यांपैकी पेटी ऐकून काम करणारे किती?

भाची : एकही नाही.

मामा : वा! म्हणजे अगदी निःपक्षपाती मंडळी.

भाची : बरं बाबा. थर उठेपर्यंत थेट, उठला की त्याच्यामार्फत. पण नाकं मुरडतील सगळे.

मामा : मुरडू देत. तू लिही.

(दुपार कलते. भाची बदललेला कर्नल पेनड्राइव्हवर घेऊन मशीन सुरू करते. पेटी घोगऱ्या आवाजात बोलू लागते.)

भाची : (पडद्याकडे बघून) अगंबाई! मामा, तुमची—

मामा : शूऽऽ. तिचं बोलून होऊ दे.

(पेटी वाक्य पुरं करून थांबते.)

मामा : डिस्क गेली.

भाची : हो. फार वाईट झालं, मामा.

मामा : वाईटच. पण मला कुणी सांगावं लागलं नाही.