यान शेवटी काय म्हणतं

...नाही, घसा ठणठणीत आहे, फोनवर खोटंच सांगितलं मी. बसा ना साहेब, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटपटतो — हां, इथे. आता तुम्ही एवढे दिग्दर्शक, घरी आलात, तर खरं सांगते. मी रेकॉर्डिंगला येत नाही ते रुसून. रात्री दातांची कवळी पेल्यात ठेवून झोपणारी बाई, कार्टूनवर रुसली. हसा, मीही हसते. मोठी नटीच ना मी! राणी नाही, परी नाही, काम काय तर म्हाताऱ्या अवकाशयानाचा आवाज. मुलगा तुमच्याकडे आवाज भरतो, त्याचा विसरलेला डबा द्यायला आले, लिफ्ट अडवून बसलेल्या दोघा बाप्यांना दटावलं, आणि तुम्ही आतून धावत आलात — हाच आवाज, हाच खडखडाट! स्वतःच्या घशाबद्दल असं ऐकायचं भाग्य कितीजणींना लाभतं?

वाचता येत नाही, तर तुम्ही वाक्य कानात सांगायचं आणि मी बोलायचं, ते जमलं. पण ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणायला गेले की कवळीच उड्डाण करायची. ‘उड्डाणास सज्ज व्हा’ तर सातदा चुकलं, शेवटी वैतागून तोंडाला आलं ते बोलले — ‘चल, बूड उचल, ढमे!’ तुम्ही हसलात आणि तेच ठेवलंत. आता म्हणे घराघरांतली पोरं तेच म्हणतात. ढमी कोण? कोणी नाही. आलं आपलं तोंडात.

तर यान बंद पडणार, हे सगळ्या जगाला माहीत होतं, मला सोडून. सिनेमात ते पहिल्यापासून गंजून पडलंय, आणि आपली मालिका सिनेमाच्या आधीची — म्हणजे सिनेमा आधी आला पण गोष्ट नंतरची, आणि आपण नंतर आलो पण आधीचे — मुलानं वाट्या मांडून समजावलं तेव्हा कळलं. तसा तो सिनेमा मी थेटरात पाहिलाय. पाहिलाय म्हणजे, गार हवा, मऊ खुर्ची, घोरले. समोर माझंच मढं पडलेलं आणि मी घोरतेय.

मरू दे हो यान. माझं भांडण एका शब्दाशी आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘जाते मी.’ ते मी म्हणणार नाही. ‘येते’ म्हणेन. ओठ जुळत नाहीत म्हणू नका, यानाला ओठ कुठले? परत येत नाही, कबूल, सिनेमात गंजलंय, तेही कबूल — पण आपण काय परत यायची हमी देऊन ‘येते’ म्हणतो?

सून निघाली तेव्हा दारात ‘जाते’ म्हणाली. माझ्या हातात उलथणं, मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिचं बोट धरून ढमी — झालं, आता कळलंच तुम्हाला कोण ते. नात माझी. त्यानंतर मला दिसली नाही. मुलगा भेटतो अधूनमधून, मला नेत नाही, मी तिथे गळा काढीन म्हणून. काढीनच. मागच्या खेपेला ती त्याला विचारत होती, ‘बाबा, त्या यानाला माझं नाव कसं माहीत?’ सांगू नको म्हटलं मी त्याला. आजी यान झाली म्हणून शाळेत सांगत सुटली तर पोरीचीच अब्रू जायची. पण बघते ती, घास तोंडात धरून बघते. आणि शेवटच्या भागात माझ्याच आवाजात ‘जाते’ ऐकवू तिला? एकदा ऐकलंय तिनं, दारात.

माझ्याकडे नका बघू, कागद काढा. खोडा ते. वाचता येत नसलं तरी खोडलेलं कळतं मला. झालं? मग उद्या हजर होते, कवळी घट्ट बसवून. चला, बूड उचला आता, मला भाजी निवडायचीय... काय म्हणालात? ‘जातो’?

परत म्हणा.

हं. लोटा आता दार.