तिसऱ्या अंकातला ‘थांब’

हॅलो?

हॅलो… हो, बोल, बोल. … नाही गं, कामावरच आहे. तिकीट खिडकीवर. … दुपारचं कोण येतंय? आगाऊ बुकिंगवाले दोन-चार, तेवढेच. तू बोल.

काय? … आवाज रडल्यासारखा? छे! घसा असाच आहे माझा, अकरा वर्षं झाली. … चिंगे, आधी तुझी ती यंत्रं बंद कर. पाणचक्कीत उभं राहून बोलल्यासारखं वाटतंय. … माहितेय बाई, लॉन्ड्री आहे तुझी. लॉन्ड्रीत यंत्रं असतात, तेही माहितेय. पाच मिनिटं लोकांचे शर्ट मळके राहिले तर आभाळ कोसळणार नाही.

केलीस? … हां, आता कसं. टेक कुठेतरी. मीच लावणार होते तुला फोन. पाच वाजता मला वर जाऊन एक उत्तर द्यायचंय, आणि मला काही म्हणजे काही सुचत नाहीये.

घाबरू नकोस, तब्येत-बिब्येत काही नाही. … नाटक. आपल्या दोघींचं नाटक परत उभं करतायत, म्हटलं होतं ना मागे… हो, तेच. धक्क्यावर उभी राहून बोटीची वाट बघणारी ती. दिग्दर्शक नवा, पोरं नवी. ऑर्गन तेवढा जुना, आपल्या मास्तरांचा. मास्तर गेल्यापासून गोदामात पडून होता, तो पुसून काढलाय.

तीन आठवडे झाले तालमींना. इथेच, माझ्या डोक्यावरच्या हॉलमध्ये. … नाही गेले. एकदाही नाही. दार लावून बसते, काच लावून बसते, तरी झिरपतंच ना गं. तिसरा अंक लागला की मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरायला उठते. भरलेला असला तरी. … हसू नकोस.

ऐक ना. आज अकराच्या सुमारास काचेवर टकटक. बघते तर नवी नायिका. … ती गं, चोवीस-पंचवीसची असेल, काडीपैलवान. आवाज सोन्यासारखा. म्हणते, “ताई, तुम्ही एकोणीस वर्षं ही भूमिका केलीत. मला एवढंच सांगा, ‘थांब’च्या आधी तुम्ही श्वास कुठे चोरत होतात?”

… हो! अगदी असंच विचारलं. श्वास कुठे चोरत होतात.

काय सांगणार? म्हटलं, मला नाही आठवत. … खोटंच बोलले, दुसरं काय. … अगं पण ती हलेचना. म्हणाली, रोज तिथेच फुटतेय, आणि दिग्दर्शक म्हणतात पट्टी खाली घेऊ. पट्टी खाली घेऊ म्हणे! तो ‘थांब’ खाली घेतला तर राहिलं काय त्या गाण्यात? बोट कशाला थांबेल मग?

… गेले ना. खिडकी बंद केली, पाटी लावली आणि गेले वर. सांगते तुला, कठडा धरून चढले.

आणि ती पोरगी गायला लागली. चांगलंच गाते गं. मला वाटलं होतं, वाईट गायली तर बरं होईल… हो, वाटलं तसं, तुझ्यापाशी काय लपवायचं. पण ‘थांब जरा, दिवा अजून हातात आहे’ म्हणायच्या आधी हिचे खांदे निघाले कानांकडे. मी जाऊन पाठीवर हात ठेवला, बरगड्यांच्या खाली. म्हटलं, खांदे तुझे नाहीतच असं समज. माझा हात ढकल. मागच्या ओळीचं शेवटचं अक्षर अजून चालूय असं लोकांना वाटत असतं ना, तेव्हाच श्वास घेऊन टाकायचा. … हो, तिथेच. तुला आठवतंय?

ढकलला तिने हात. आणि ‘थांब’ लागला, चिंगे. असा लागला… छताला जाऊन तिथेच राहिला. माझ्या हाताखालून गेला तो. मला कळला जाताना.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आपली चष्मा शोधत बसले. डोळ्यांवरच होता.

…

आहे, आहे मी. थांब जरा.

…

नाही, काही नाही. तुला एक सांगू? कोणाला सांगितलं नाही हे. सोमवारी खेळ नसतो ना, तेव्हा मी जाते रंगमंचावर. एकटीच. … काय करणार, उभी राहते. उजवीकडून सात पावलं, तिथे. तोंड उघडते. आवाज काढत नाही गं, काढायला आहे कुठे! नुसतं उघडते. पोट आत जातं, बरगड्या उघडतात, सगळं अजून बरोबर होतं. गळ्यापर्यंत सगळं येतं आणि तिथे दार बंद. … मला बाकी काही नको होतं गं. घर नको, नाव नको, फोटो नकोत. तो एक ‘थांब’ हवाय. एकदा. अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मला तो हवासा वाटला नाही.

… हं. … हो. … माहितेय, डॉक्टर काय म्हणाले ते मलाही पाठ आहे. गाठी काढल्या, बोलता येतंय, नशीब समजा. समजतेय ना नशीब. रोज समजते. जी-बारा हवी की जी-तेरा, एवढं बोलायला पुरतो आवाज.

एक मिनिट हं, कोणीतरी आलंय… बोला काका. … रविवारचं? मधली रांग आहे, पण खांब येईल तुमच्या डावीकडे. … नाही, मान वळवली तर दिसतं सगळं. … पुढच्या रविवारी मोकळं आहे, मग तेच घ्या ना. … बघा विचार करून. या.

हां, बोल. … गेले. काकूंना विचारून येतात म्हणे.

तर मुद्दा. मी खाली यायला निघाले तर दिग्दर्शक मागे. म्हणतो, आईची भूमिका करणाऱ्या बाईंना दुसरीकडे मालिका मिळाली, त्या सोडून गेल्या. तुम्ही करता का? … नायिकेची आई. अकरा वाक्यं. गाणं नाही. म्हणतो, मला असाच घोगरा आवाज हवाय, तुमचाच हवाय.

… अगं आनंद काय, पुढे ऐक. ती आई तिसऱ्या अंकात असते कुठे? … बरोबर. धक्क्यावर. स्टुलावर जाळं विणत. अख्खं गाणं होईपर्यंत, नायिकेपासून तीन हातांवर.

आता कळलं? रोज. रोज तीन हातांवर बसायचं, जाळं विणायचं, आणि माझं गाणं दुसरीच्या गळ्यातून ऐकायचं. तोंड मिटून. आणि तेही हजार लोकांसमोर, चेहऱ्यावर आईची माया घेऊन. मला नाही जमणार ते. मी त्याला ‘नाही’ म्हणून सांगणार आहे. तू फक्त म्हण, ताई, बरोबर करतेस.

…

म्हण ना.

…

चिंगे? … हॅलो? फोन गेला की काय? … आहेस? मग बोल ना.

… काय?

… नाही, ऐकलं मी. परत सांग.

… तू? … सखीच्या भूमिकेसाठी ना? … नाही? नायिकेसाठी? तू नायिकेसाठी गायली होतीस मास्तरांसमोर? … कधी? … माझ्या आदल्या दिवशी.

अगं पण… तू एकोणीसची होतीस. मी बावीसची. आपण एका खोलीत राहत होतो, एका कंगव्याने केस विंचरत होतो, आणि तू मला… … आईला माहीत होतं? … आईनेच नेलं होतं. बरं.

… मास्तर काय म्हणाले? … “थोरलीला ऐकतो, मग सांगतो.” हं. आणि मग मी गायले.

… नाही, बोल तू. मी ऐकतेय.

… हो. सखी म्हणून तू माझ्या उजव्या हाताला. टोपली घेऊन. तीन हातांवर… हो गं. तूच होतीस तिथे. एकोणीस वर्षं. तोंड मिटून.

देवा.

… आणि मी तुला विंगेत गेल्यावर विचारायचे, आज कसा लागला? रोज विचारायचे. … आणि तू सांगायचीस. खरं खरं सांगायचीस. कमी लागला तर कमी. … मला कधी कळलं नाही गं. एकदाही तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही मी त्या गाण्यात. बोटीकडे बघायचं असतं ना.

… काय करत होतीस? … माझ्याबरोबर श्वास घेत होतीस. प्रत्येक. … मग तूच सांगायचं ना त्या पोरीला, मला कशाला बोलावलं तिने… … नाही, हसतेय. हसतेय का रडतेय, मला तरी काय ठाऊक.

एक विचारू? माझा आवाज गेला त्या दुपारी… भर प्रयोगात तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. लोकांना वाटलं अभिनयच आहे, टाळ्या पडल्या. मास्तरांनी ऑर्गनवर ओढून नेलं गाणं. त्यानंतर नाटक बंदच झालं. मला सगळे म्हणाले, तुमच्याशिवाय कोण करणार ही भूमिका. मी अकरा वर्षं तेवढ्यावर काढली, चिंगे. माझ्याशिवाय कोणी नव्हतं म्हणून नाटक बंद झालं, यावर.

खरं सांग. तुला विचारलं होतं मास्तरांनी?

…

विचारलं होतं.

… दवाखान्यात? मी आत होते तेव्हा? … आणि तू नाही म्हणालीस. … माझ्यासाठी? मला वाईट वाटेल म्हणून?

… नाही? … मग?

… घाबरलीस.

बरं. … नाही, रागावले नाही. उलट… तू ‘तुझ्यासाठी’ म्हणाली असतीस तर कुठे ठेवलं असतं मी ते ओझं. घाबरलीस हे बरं आहे. कळतं. … वीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट अशी दारात येऊन उभी राहिली आणि पाय हलेना. … हो. … हो गं. आणि मग तू लग्न केलंस आणि यंत्रं घेतलीस. … नाही, भाऊजी चांगलेच आहेत, त्यांना कोण काय म्हणतंय!

… रोज गातेस? अजून? … यंत्रं चालू असताना. म्हणजे कोणाला ऐकू जाणार नाही.

अगं, आपण दोघी म्हणजे अगदीच…

… हं. … हं, कळतंय मला तू काय म्हणतेस ते. … तीन हातांवर बसणं वाईट नव्हतं. घरी बसणं वाईट. … असं म्हणतेस? … गाणं होताना जवळ असायला तरी मिळायचं. … हो. सोमवारी रिकाम्या मंचावर तोंड उघडून उभं राहण्यापेक्षा… हो. बरं. आता जास्त बोलू नकोस, माझं नाक वाहतंय आणि रुमाल सापडत नाहीये.

… देईन. होकार देईन. … देते म्हटलं ना! परत कठडा धरून चढावं लागलं तरी देते.

पण एक आहे. तू आत्ता गा.

… आत्ता म्हणजे आत्ता. … लॉन्ड्रीत कोण आहे? … मग झालं तर. … मी तुला कधी ऐकलंच नाही गं. एका खोलीत वाढलो, आणि तुझ्या तोंडून ते गाणं मी ऐकलं नाही. तिसऱ्या अंकातलं. पहिल्यापासून नको, ‘पाणी काळं झालं’ पासून घे. … एकोणपन्नास म्हणजे काय म्हातारी झालीस का? … आधी पाणी पी. यंत्र लावलंस तर बघ!

थांब, स्पीकरवर टाकते. … हां. म्हण.

…

…

हो. … पुढे.

…

अगं…

…

हो, या, काय हवंय? … श्श. जरा थांबता का? … नाही हो, रेडिओ नाही. बहीण आहे माझी. … हो, याच नाटकात होती. … टोपली घेऊन उभी असायची, तीच. तुम्ही बघितलं होतं? … हो, ती गाते. … हो, आधीपासूनच. मला आज कळलं. … श्श, ‘थांब’ आला आता. ऐका.

…

…

…

चिंगे.

… अगं, नको विचारू कसा लागला. … लागला. पूर्ण लागला. थोडा कोरडा, पण पूर्ण.

एक काम कर, कानाला नीट लाव फोन. मी तो खिडकीबाहेर धरतेय. इथे एक बाई आणि त्यांचे यजमान, मघाचेच काका, उभे आहेत… बाई टाळ्या वाजवतायत. यजमान खांबाचं विचारतायत. नुसत्या बाईंच्या ऐक.

… आल्या ऐकू?

… रड. रड, मी काही म्हणणार नाही.

पाचाला पाच कमी आहेत. मला जायला हवं. … नाही, तू ठेव. … बरं, मीच ठेवते.