अर्धा कोयता

माझा जन्मच कोपीतला, म्हंजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीतला. गाव उमापूरकडचं, पण आईला कळा आल्या त्या सहकारी कारखान्याच्या फडात, म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आपण जन्मापसून कारखान्याचे सभासद हाव. हसा की! लोकांना हसवणं तेवढं आपल्याला येतं.

तर काय सांगू तुमाला, आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतेत. एकटा गडी म्हंजे अर्धा कोयता. मी आन् आमची कौसा, वीस वर्सं एक कोयता. मी तोडायचो, ती मोळ्या बांधायची, मंग मी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचो आन् वर गेलं की तिच्याकडं बघून एक ठुमका मारायचो. ती म्हणायची, पडा आता, म्हंजे कळंल.

मंग रगत पडाया लागलं. परसाकडं फडातच बसायचं, कोण बघतंय? मूळव्याध म्हणून लई जडीबुटी खाल्ली. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलतो तर डाक्टर म्हणले, मोठ्या आतड्याचा कॅन्सर हाय. खालची वाट शिवून टाकली, पोटाला डाव्या अंगाला भोक पाडलं आन् तिथं पिशवी लावली. वाचलात, म्हणले, फक्त जड उचलायचं न्हाई. मी म्हणलं, साहेब, मंग वाचलं ते काय?

त्या पिशवीला मी सरपंच म्हणतो. कुणी न विचारता बोलतो, कुटं बी बोलतो. कीर्तनात बोलला, पुतणीच्या सोयरिकीत बोलला. तवापसून मी बैठकीला जात न्हाई, पंगतीला बसत न्हाई, कौसाशेजारी अंथरूण टाकत न्हाई. नवी पिशवी रोज कुटून आणायची, हायती त्याच धुवून वापरायच्या, आन् दुष्काळात टँकर चौथ्या दिवशी. कौसा तिच्या अंघोळीचं पाणी मला द्यायची, सोता ओल्या फडक्यानं अंग पुसायची.

यंदा दिवाळीच्या तोंडावर मुकादम आला. मी म्हणलं, आमचा कोयता धर. तो म्हणला, जमंल का बे तुला? म्हणलं, बघ. ऊस कुटून आणणार, वाळून गेलता सगळा, म्हणून कडब्याची मोळी बांधली, ट्रॉलीला फळी लावली. सगळी आळी जमली. आमची रीत अशी की मोळी उचलायच्या आधी पटका कंबरंला आवळून बांधायचा. वीस वर्सांचा हात, त्यानं पटका घेतला आन् पिशवीवरूनच करकचून आवळला. ध्यानातच न्हाई राहिलं बघा. मोळी उचलली, फळी चढलो, वर जाऊन ठुमका बी मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् सरपंच फुटला.

पटका, धोतर, कडबा, समदं भरलं. मी वरनंच वरडलो, सरपंचानं राजीनामा दिला हो! कुणी हसलं न्हाई. आख्ख्या जन्मात पहिल्यांदा कुणी हसलं न्हाई. कौसा घरात गेली, प्यायच्या पाण्याची घागर आणली, मला हाताला धरून खाली उतरवलं आन् सगळ्यांच्या देखत ती घागर माझ्या अंगावर रिती केली. टँकरला अजून दोन दिवस हुते.

मुकादम जाताना मान खाली घालून म्हणला, वहिनी, तुमी जोडी बघा दुसरी.

तिनं तिच्या इधवा भावजयीला घेतलं. दोघी मिळून एक कोयता. ट्रकात बसताना मला म्हणली, गोळ्या येळंवर घ्या. मी ठुमका मारणार हुतो, पर पाय उचलला न्हाई.

परवा तपासणीला गेलतो. डाक्टर म्हणले, सगळं साफ हाय, आता लई जगशाल. फडात फोन लावून कौसाला सांगितलं. बरं झालं, म्हणली. पाणी आलतं का? म्हणलं, मायंदळ, लई आलं. मागनं मुकादम वरडला, कोयता कुटं गेला बे? आन् माझं बोलणं चालू असतानाच ती वरडली, आलोत आलोत, दोघी बी आलोत.

फोन बंद झाला तरी मी कानालाच धरून बसलो हुतो.

असू द्या. देव तुमची जोडी राखो. आन् जाताना त्या घागरीवर झाकण ठेवा, तेवढंच पाणी हाय.