बांधावर उभा केलेला माणूस

त्या सकाळी मी पाणी भरलं, शेळीपुढं पाला टाकला आणि भाकरी थापायला बसले. हे चुलीपाशी येऊन म्हणाले, "एवढी फवारणी झाली की आलोच. भाकर झाकून ठेव."

मंडळी, आज ह्यांच्या दहाव्याला जमलात. इथवर मला नीट सांगता येतं. पुढचंही बोलणार आहे, कारण ड्रोनवाले सायेब पुढच्याच रांगेत बसलेत.

सायेब आमच्या शिवारात ड्रोननं कपाशी फवारतात. पट्टा कुठं संपला ते दिसावं म्हणून बांधावर माणूस उभा करतात, हातात लाल फडकं देऊन. त्या दिवशी ह्यांना उभं केलं. वळताना ड्रोन खाली आला. पातं मानेला लागलं. हे जागच्या जागी गेले.

मागं ह्यांनीच विचारलं होतं, असं खाली उभं राहिलेलं चालतं का? तेव्हा सायेब हसून म्हणाले, "नियम बदलले आता, भाऊ. पहिल्यासारखी कटकट न्हाई राह्यली."

बदलले, सायेब. मी चौथी शिकले, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर केलं. या दहा दिवसांत नियमही वाचले, ओळीवर बोट ठेवून. कमी झाले ते अर्ज आणि परवानग्या. उडवणाऱ्याला दाखला लागतो, तो लागतोच. फवारणीखाली माणूस उभा करायची मुभा मला कुठं सापडली नाही. तुम्हाला सापडली का? तुमच्या उडवणाऱ्याचा दाखला कुठं आहे?

चिता विझली नव्हती, तेव्हा तुम्ही शाईचा पॅड घेऊन आलात. म्हणालात, "वहिनी, फक्त अंगठा द्या. मदतीचा कागद हाय." मी म्हटलं, ठेवून जा. तुम्ही बिनघोर ठेवून गेलात. बाईला काय वाचता येणार? मी वाचलं. लिहिलं होतं, मयत स्वतःच्या चुकीने यंत्राखाली गेला.

मेलेल्या माणसावर चूक ढकलता? मला तुमची मदत नको. तुमचा हार मी फोटोवरून काढलाय, तुमच्याच खुर्चीखाली ठेवलाय. जाताना घेऊन जा. तुम्हाला कोर्टात उभं राहिलेलं बघितल्याशिवाय मी थांबणार नाही.

मंडळी, ह्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहा. सायेब, तुम्ही बसूनच राहा. आणि तो कागद माझ्या घरात शोधू नका. तुम्ही ठेवून गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपनं घनसावंगीला गेले आणि तक्रारीला जोडून तो पोलिसांकडं दिला.